ब्रेकमध्ये काजू केव्हाच आला आहे

संपादक महोदय,



वनस्पतिजन्य ब्रेक पॅडची खिल्ली उडवणारे पत्र आपल्या गेल्या अंकात वाचले. ‘घाटात काथ्या पेटला तर?’ हा प्रश्न रास्तच आहे. काथ्या काय किंवा केळीचा धागा काय, अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे करपू लागतो, आणि भरलेला ट्रक खंबाटकी घाट उतरताना पॅड त्याहून तापू शकतात. पण म्हणून वनस्पतींना ब्रेकमध्ये जागाच नाही, हे कसे?

काजूच्या टरफलातले झोंबरे तेल कोकणात कोणाला ठाऊक नाही? बिया फोडणाऱ्या बायकांचे हात त्यानेच काळे पडतात. त्यातल्या कार्डानॉलची राळ करून, कडक करून दळली की ‘फ्रिक्शन डस्ट’ तयार होते. ही पूड कित्येक दशके जगभरच्या पॅडमध्ये पडते आहे. तिने ब्रेकची पकड एकसारखी राहते, किंचाळणेही कमी होते. अर्थात सोबत खनिजे आणि इतर घटक असतातच. ‘शंभर टक्के हिरवा पॅड’ ही जाहिरातबाजी मलाही मान्य नाही. शिवाय पॅड हिरवा केला तरी धूळ बिडाच्या डिस्कमधूनही उडते, त्याचे काय?

मात्र पॅडमध्ये वनस्पती वापरण्याला ‘फॅड’ म्हणू नये. ब्रेकमधले तांबे झिजून ओढ्यांत जाते, माशांना बाधते, म्हणून कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये कायदाच केला. २०२५ पासून तिथे नव्या पॅडमध्ये तांबे ०.५ टक्क्यापुरतेच. तांब्याच्या जागी काही तरी लागणारच. काथ्याची चाचणी आधी स्कूटरवर होऊ द्या, घाटातल्या ट्रकचे मागाहून बघू.

— एक वाचक, चिपळूण