समुद्रावरची रातपाळी

पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. गिरणीत, रेल्वेत, बंदरात ज्यांनी उमर काढली त्या आमच्या वाचकांना हे शब्द सांगावयास नकोत. पण चोहीकडे पाणीच पाणी, त्यात एक शिडाची होडी, होडीत सहा जणी, आणि तिथेही पाळ्याच लावाव्या लागतात, हे ‘तारिणी’ची हकीकत घरात वाचली गेली तेव्हा आमच्या ध्यानात आले.

10 सप्टेंबर 2017 रोजी नौदलाच्या सहा महिला अधिकारी गोव्याहून निघाल्या. प्रमुख वर्तिका जोशी. सोबत प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, विजया देवी, ऐश्वर्या बोड्डापाटी आणि पायल गुप्ता. कोणी आंध्रची, कोणी मणिपूरची. प्रतिभा तर कुल्लूच्या डोंगरातली. होडी गोव्यातच बांधलेली, लांबी सुमारे 55 फूट. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फॉकलंड बेटे, केपटाउन असे टप्पे घेत पृथ्वीला फेरी मारून त्या 21 मे 2018 रोजी गोव्यात परतल्या. 21,600 सागरी मैल, म्हणजे 40,000 किलोमीटर.

हा झाला प्रवास. पण घरच्या मंडळींचा प्रश्न वेगळाच होता. खायचे काय, निजायचे कुठे?

न्यूझीलंड सोडल्यावर फॉकलंडपर्यंत 41 दिवस मुक्काम नाही. रात्र झाली म्हणून होडी थांबविता येत नाही. खाली कैक किलोमीटर खोल पाणी, नांगर टाकणार कुठे? म्हणून कोणी तरी सतत वर जागे पाहिजे. वारा फिरला की शीड फिरवायचे, वाढला की आवरून लहान करायचे, दूर जहाजाचा दिवा दिसतो का ते पाहायचे. अंगावरचा पट्टा होडीला अडकवलेला, कारण अंधारात पाण्यात पडलेले माणूस सापडणे कठीण. पाळी सुटली की ओल्या कपड्यांनी खाली उतरायचे आणि अरुंद फळीवर निजायचे. होडी कलली तर निजलेले माणूस खाली पडू नये म्हणून फळीच्या कडेला कापड ताणून बांधतात. शेगडी पाळण्यासारखी टांगलेली असते. होडी कितीही झुकली तरी भांडे सरळ राहते. गोडे पाणी जपून पिण्यापुरते. भांडी खाऱ्या पाण्यात. पाऊस आला तर बादल्या लावायच्या, मग कुठे अंगावर चार तांबे! (आमच्या वस्तीतल्या भगिनींना यात नवल ते काय वाटणार?)

एवढ्याशा होडीवर नोकरचाकर नसतात. शीड ओढणारे हातच भाजी शिजवतात, संडासही घासतात.

जानेवारी 2018 मध्ये त्यांनी दक्षिण अमेरिकेचे टोक, केप हॉर्न, ओलांडले. त्या समुद्रात दोन-तीन मजली लाटा उठतात आणि थंडीने बोटे वळत नाहीत. पुढे हिंदी महासागरात, घर जवळ आले असताना, सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि ठरलेले नसताना मॉरिशसला थांबावे लागले. दुरुस्ती केली, पुन्हा निघाल्या.

हे वाचून झाल्यावर मुलीने विचारले, “पप्पा, त्यांची ड्यूटी तरी सुटते. आईची कधी सुटते?”

आम्ही पडलो कारकून. कागद घेऊन हिशेब मांडला. पहाटे साडेचारला नळ येतो तेव्हा सुरू, रात्री अकराला भांडी पालथी पडतात तेव्हा बंद. मध्ये बदली कोणीच नाही. कागद आम्ही मुकाट्याने खिशात घातला.

सध्या मंगळवार व शुक्रवार पहाटेचा नळ आमच्याकडे आहे. पहिल्याच मंगळवारी आमचा डोळा लागला, पिंप भरून वाहिले आणि मोरीचे पाणी चुलीपर्यंत आले. अंथरुणातूनच मुलीची आई म्हणाली, “कॅप्टनसाहेब, होडीत पाणी शिरलंय!”