व्हिसा हाती आला, आता परमिटचे बघा

सप्टेंबर उजाडला की पुण्या-मुंबईतल्या कितीतरी घरांत बॅगा भरण्याची धांदल सुरू होते. जर्मनीचा व्हिसा चिकटवलेला पासपोर्ट परत आलेला असतो आणि मोठे काम फत्ते झाले म्हणून घरचे निर्धास्त झालेले असतात. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत शिकणाऱ्या भारतीयांची संख्या ४९ हजारांच्या पुढे गेली. तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांत आज सर्वांत मोठा गट भारतीयांचाच आहे. पण पासपोर्टातल्या त्या स्टिकरची मुदत बहुतेक वेळा तीन ते सहा महिन्यांचीच असते, हे यांतल्या अनेकांना उमगते ते तिथे पोहोचल्यावर.

या ‘डी’ व्हिसावर देशात शिरता येते आणि सुरुवातीचे काही महिने राहता येते. पुढची वर्षे राहण्याचा हक्क मिळतो तो रेसिडेन्स परमिटने, आणि ते मुंबईची वकिलात देत नाही. ते देते राहत्या शहराचे परदेशी नागरिकांचे कार्यालय, म्हणजे आउसलेंडरबेह्योर्डे. जर्मनीत अशी पाचशेहून अधिक कार्यालये आहेत. कायदा सगळीकडे एकच, पण अर्ज घेण्याची रीत, मागितले जाणारे कागद आणि अपॉइंटमेंटसाठी लागणारा वेळ शहरागणिक बदलतो. आखेनला शिकणाऱ्या मित्राच्या सल्ल्यावर बर्लिनमध्ये विसंबून चालत नाही.

या सगळ्याची सुरुवात होते घरापासून. नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत पालिकेत पत्त्याची नोंद करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात. या नोंदीसाठी घरमालकाने सही केलेला दाखला लागतो. मित्राच्या खोलीत तात्पुरते उतरलेल्या मुलाला हा दाखला मिळतोच असे नाही. दाखला नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून परमिटचा अर्ज कोणत्या कार्यालयात करायचा तेही ठरत नाही. इकडे व्हिसाचे दिवस मात्र सरत असतात. कोणता कोर्स, कोणते विद्यापीठ यावर घरी महिनोन्महिने चर्चा होते. पहिल्या महिन्यात राहायचे कुठे आणि तिथे पत्त्याची नोंद होईल का, यावर त्याच्या निम्मी तरी व्हायला हवी.

समजा सगळे वेळेत जमले आणि व्हिसा संपण्याआधी अर्ज गेला. तरी परमिटचे कार्ड हाती यायला काही शहरांत अनेक महिने लागतात. या काळात माणूस बेकायदा ठरत नाही, कारण वेळेत अर्ज केला असेल तर आधीचा हक्क निर्णय होईपर्यंत चालू राहतो, अशी तरतूद निवास कायद्याच्या कलम ८१ मध्ये आहे. त्याचा पुरावा म्हणून कार्यालय एक दाखला देते. भारतीय मुले त्याला ‘फिक्शन सर्टिफिकेट’ म्हणतात. हा दाखला नीट वाचायचा असतो. चौथ्या पोटकलमाखाली दिलेला असेल तर मायदेशी जाऊन परत येता येते. तिसऱ्या पोटकलमाखालचा असेल तर जर्मनीबाहेर पडल्यावर त्याच्या जोरावर परत येता येत नाही. वडील आजारी असल्याचा फोन आल्यावर तिकीट काढण्याच्या घाईत हा फरक कोण तपासणार? म्हणून तो दाखला हातात पडला त्याच दिवशी तपासून ठेवावा. आणि ऑनलाइन अर्ज पोहोचल्याची पावती म्हणजे हा दाखला नव्हे, हेही ध्यानात असू द्यावे.

कार्ड आले की बहुतेक जण त्याचा फोटो घरी पाठवतात. कार्डासोबत मिळणाऱ्या ‘झूझात्सब्लाट’ नावाच्या पुरवणीकडे मात्र फारसे कोणी बघत नाही. तिथे राहणाऱ्याचे आयुष्य कोणत्या चौकटीत चालणार, ते त्या पुरवणीत छापलेले असते. जर्मनीत प्रत्येक परमिट विशिष्ट कारणासाठी आणि विशिष्ट कलमाखाली दिले जाते: शिक्षणासाठी १६ब, पदवीधर कुशल कामगारांसाठी १८ब, ठरावीक पगाराच्या नोकरीवर मिळणाऱ्या ब्लू कार्डासाठी १८ग. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. मार्च २०२४ पूर्वी ही मर्यादा १२० आणि २४० होती. विद्यापीठातच सहायक म्हणून केलेले काम या मोजणीत धरत नाहीत. पण पगारी नोकरी वेगळी आणि स्वतःच्या नावावर बिले फाडून केलेले फ्रीलान्स काम वेगळे. त्याला स्वतंत्र परवानगी लागते.

परमिटच्या नूतनीकरणाला पुन्हा पैशांचा पुरावा द्यावा लागतो, हाही अनेक घरांना बसणारा धक्का. सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो, दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये सहसा दाखवावे लागतात. कर्ज काढून पहिल्या वर्षाची तजवीज करणाऱ्यांनी दुसऱ्या वर्षाचा हिशेबही निघण्यापूर्वीच मांडायला हवा.

परमिट कारणाला बांधलेले असते याची किंमत २०२५ मध्ये बर्लिनमधल्या एका खासगी विद्यापीठाच्या भारतीय विद्यार्थ्यांना मोजावी लागली. त्यांचा अभ्यासक्रम बराचसा ऑनलाइन होता. ज्या शिक्षणासाठी देशात हजर राहण्याची गरजच नाही, त्यासाठी निवासाचा हक्क कशाला, अशी भूमिका तिथल्या कार्यालयाने घेतली. लाखो रुपये भरून, व्हिसा मिळवून गेलेल्या मुलांवर परतण्याची वेळ आली. प्रवेश मिळवून देण्याचे कमिशन घेणाऱ्या एजंटाने हा धोका आधी सांगायला हवा. तो सांगत नसेल तर पालकांनी थेट विचारावे: वर्ग प्रत्यक्ष भरतात का, आणि किती?

नोकरीवर जाणाऱ्यांसाठी नियम निराळे आहेत. ब्लू कार्डासाठी पगाराची अट असते. २०२५ मध्ये ती सर्वसाधारणपणे वर्षाला ४८,३०० युरो होती आणि मनुष्यबळाची टंचाई असलेल्या व्यवसायांत त्याहून कमी. ब्लू कार्ड असलेल्याला २७ महिन्यांनी, बी-१ पातळीचे जर्मन येत असेल तर २१ महिन्यांनीच, कायम निवासासाठी अर्ज करता येतो. सहा महिने जर्मन शिकल्याचा इतका रोख मोबदला दुसरीकडे क्वचितच मिळेल. नोकरी मुदतीआधी सुटली तर ती बातमी दोन आठवड्यांच्या आत कार्यालयाला कळवणे मात्र बंधनकारक आहे. कामावरून कमी झालेला माणूस आधी नवी नोकरी शोधायच्या मागे लागतो आणि नेमके हेच राहून जाते.

आणखी एक नियम इकडे म्हाताऱ्या आईवडिलांना ठेवून गेलेल्यांसाठी. साधे परमिट असलेला माणूस परवानगीशिवाय सलग सहा महिन्यांहून जास्त काळ जर्मनीबाहेर राहिला, तर परमिट आपोआप संपुष्टात येते. ब्लू कार्डधारकाला बारा महिन्यांची सवलत आहे. निघण्यापूर्वी कार्यालयाकडून जास्त मुदत लेखी मागून घेता येते. शिवाय परमिट पासपोर्टच्या मुदतीपलीकडे दिले जात नाही. दोन वर्षांत संपणाऱ्या पासपोर्टवर निघालेल्याला परमिटही तेवढ्याच मुदतीचे मिळते.

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. अशा योजनेत उमेदवारांना जर्मन भाषा शिकवण्यावर भर असतो आणि ते योग्यच आहे. त्या वर्गांत दोन दिवस निवास कायद्यालाही द्यावेत. स्वतःच्या परमिटचे कलम कोणते, त्यातल्या अटी कोणत्या आणि अडचण आल्यावर किती दिवसांत कोणाला कळवायचे, एवढे प्रत्येक नर्सला आणि इलेक्ट्रिशियनला तोंडपाठ असले पाहिजे. तोवर हे काम घरच्यांनीच करायचे आहे. मुलगी निघण्याआधी एक संध्याकाळ काढा, वकिलातीच्या आणि ती जाणार त्या शहराच्या संकेतस्थळावरच्या अटी तिच्याबरोबर बसून वाचा, आणि व्हिसाच्या मुदतीची शेवटची तारीख घरातल्या कॅलेंडरवरही लिहून ठेवा.