बरणीतले बेचाळीस दिवस

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की केरळातल्या ख्रिस्ती घरांत चिनी मातीची मोठी बरणी माळ्यावरून खाली उतरते. मल्याळीत तिला ‘भरणी’ म्हणतात; आपली बरणी आणि ती एकाच घराण्यातल्या. बरणी घासूनपुसून उकळत्या पाण्याने धुतली जाते, उन्हात खडखडीत वाळवली जाते. बाजारातून काळी द्राक्षे येतात. मग घरातली अम्मच्ची, म्हणजे आजी, भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन खुणा करते. पहिली एकविसाव्या दिवशी, दुसरी बेचाळिसाव्या. दुसरी खूण नेमकी नाताळावर पडते.

घरगुती वाइनचा हा खटाटोप काही एकट्या केरळचा नाही. मुंबईचे ईस्ट इंडियन, गोव्यातली ख्रिस्ती कुटुंबे, कोलकात्याचे अँग्लो-इंडियन, प्रत्येकाची आपापली रीत असते. कुठे बेदाणे, कुठे आले, कुठे जांभळे. पण सगळ्यांच्या मुळाशी गोष्ट एकच, साखरेचे पाणी आणि ते आंबवणारे यीस्ट. आणि सगळ्यांच्या तक्रारीही दोनच असतात. एक, बुडबुडे मध्येच थांबले. दोन, काही केल्या वाइन नितळ होत नाही.

प्रचलित प्रमाण असे. १ किलो द्राक्षे, जवळपास तितकीच साखर, उकळून गार केलेले २ लिटर पाणी, चमचाभर यीस्ट, मूठभर गहू, थोडी दालचिनी आणि लवंगा. द्राक्षे कुस्करायची, सगळे एकत्र करायचे, तोंडाला स्वच्छ फडके बांधायचे आणि रोज एकदा कोरड्या लाकडी डावाने ढवळायचे. २१ दिवसांनी गाळून पुन्हा २१ दिवस स्वस्थ ठेवायचे.

आता जरा हिशेब मांडू. द्राक्षांतली साखर धरून हे मिश्रण साडेतीन लिटरच्या आसपास होते आणि त्यात लिटरला सव्वातीनशे ग्रॅमहून अधिक साखर पडते. ढोबळ नियम असा की लिटरमागे १७ ग्रॅम साखर आंबली की मद्यार्काचे प्रमाण एक टक्क्याने वाढते. म्हणजे कागदावर ही वाइन १९-२० टक्क्यांपर्यंत जायला हवी. ती जात नाही. पावासाठीचे साधे यीस्ट दहा ते चौदा टक्क्यांच्या दरम्यान कुठेतरी थकते. जे मद्यार्क ते स्वतः तयार करते, तेच त्याला मारक ठरते. मग उरलेली साखर तशीच राहते, लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाचे वीस चमचे! अम्मच्चीची वाइन एवढी गोड का लागते, त्याचे हे उत्तर. आणि ती सरबतासारखी घटाघटा पिणाऱ्या पाहुण्याला खुर्चीतून उठताना हात का द्यावा लागतो, त्याचेही हेच. गोडी कडकपणा लपवते. नेहमीच्या बियरच्या दुपटीहून अधिक जोर त्या इवल्याशा ग्लासात असतो.

पण कित्येकदा यीस्ट तिथवरही पोचत नाही. आठव्या-दहाव्या दिवशी नवी सून फडके उचलून पाहते आणि घाबऱ्या आवाजात म्हणते, “अम्मच्ची, बुडबुडे थांबले!” अम्मच्ची यीस्टला दोष देते, सून थंडीला. खरा अपराध बहुधा घाईचा असतो. मोरावळा वर्षभर का टिकतो? घट्ट पाकात जंतूंना तग धरता येत नाही, त्यांच्या अंगातले पाणी पाक ओढून घेतो. यीस्ट हाही एक सूक्ष्म जीवच. पहिल्याच दिवशी सगळी साखर ओतली की त्याची अवस्था मोरावळ्यात पडलेल्या जंतूसारखी होते. जाणत्या बायका म्हणून साखर तीन वाट्यांत विभागतात. पहिला वाटा आरंभी, दुसरा चौथ्या-पाचव्या दिवशी, तिसरा बुडबुडे मंदावू लागल्यावर. साखर तेवढीच, पण यीस्टला दम घ्यायला सवड मिळते.

दुसरे कारण उपासमारीचे. नुसत्या साखरेवर यीस्ट जगत नाही. त्याला नत्र लागतो, जीवनसत्त्वे लागतात. पांढऱ्या साखरेत यांतले काहीच नसते. द्राक्षांत थोडेफार असते, बेदाण्यांत असते, गव्हात असते. अम्मच्चीला नत्राचे नाव ठाऊक नसेल, पण मूठभर गहू टाकायला ती विसरत नाही. यीस्ट टाकण्याआधी ते कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवावे. हाताला चटका बसेल असे पाणी घेतले तर ते तिथेच मरते. बरणी उन्हात किंवा शेगडीजवळ नको. पस्तीस अंशांपुढे यीस्टचे हाल होतात आणि वाइनला उग्र वास येतो.

झाकणाच्या बाबतीत मात्र हयगय नको. १ किलो साखर पुरी आंबली तर अडीचशे लिटरहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एवढा वायू घट्ट झाकणाखाली कोंडला तर काय होईल, ते सांगायला नको. म्हणून पहिल्या दिवसांत फडकेच बरे. वायूचा लोंढा वर येत असतो तोवर हवा आत शिरत नाही. तो ओसरला की हवा शिरते, मागोमाग चिलटे, चिलटांबरोबर व्हिनेगरचे जंतू. फडके उघडे राहिलेल्या बरणीतली वाइन नाताळाच्या टेबलावर न जाता विंदालूच्या पातेल्यात जाते. तसे तेही वाईट नाही. विंदालू हे नाव ज्या पोर्तुगीज पदार्थावरून आले, त्याच्या नावात वाइन आणि लसूणच आहेत.

एकविसाव्या दिवशी गाळलेली वाइन पाहून नवशिक्यांचा विरस होतो. रंग गढूळ, जणू पावसाळ्यातल्या ओढ्याचे पाणी. ही गढुळी म्हणजे मुख्यतः यीस्टच्याच कोट्यवधी पेशी. त्या इतक्या बारीक असतात की मलमल चौपदरी केली तरी आरपार जातात. पुन्हा पुन्हा गाळत बसणे व्यर्थच, उलट प्रत्येक खेपेला हवा मिसळते. काम करते ते वजन आणि वेळ. वाइनमध्ये विरघळलेला वायू पेशींना तरंगत ठेवतो. दोन-तीन वेळा हलक्या हाताने ढवळून तो जाऊ द्यावा आणि मग बरणी गळ्यापर्यंत भरून, झाकण सैल ठेवून, थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावी. आणि विसरून जावे. बरणी उचलून ‘बघू कितपत झाली’ असे करणारा माणूस प्रत्येक घरात असतो. गाळ पुन्हा वर येतो तो त्याच्याच कृपेने.

द्राक्षे उकळून घेतली असतील तर आणखी एक अडचण. उकळल्याने फळातले पेक्टिन सुटते. जॅम घट्ट करणारे हेच ते. ते वाइनमध्ये धुके धरून राहते आणि महिनोन्‌महिने बसत नाही. पाणी खुशाल उकळावे, फळ नाही.

काही घरांत वाइन नितळ करण्यासाठी अंड्याचा पांढरा भाग घालतात. हा उपाय खरा आहे. फ्रान्समधल्या बोर्दोच्या तळघरांतही लाल वाइनसाठी तो वापरत आले आहेत. द्राक्षाच्या सालीतल्या तुरट द्रव्याला अंड्यातले प्रथिन चिकटते, त्याचे पुंजके होतात आणि खाली बसताना ते बाकीचा गाळही ओढून नेतात. पण तिकडे सव्वादोनशे लिटरच्या पिंपाला पाच-सहा अंडी पुरतात! त्या मानाने पाच लिटरच्या बरणीला पाऊण चमचा पुष्कळ झाला. अख्खे अंडे फेटून घालणाऱ्या घरांत वाइनचा रंग आणि चव दोन्ही फिकी पडतात. अंडे चालत नसलेल्या पाहुण्याला ते आधी सांगायलाही हवे. जाळलेल्या साखरेचा काळा पाक घालण्याची चाल आहे, ती रंगासाठी. नितळपणाशी तिचा संबंध नाही.

निवळलेली वाइन रबरी नळीने, तळाचा दोन बोटे गाळ सोडून, अलगद बाटल्यांत उतरवतात. खरी सावधगिरी इथे हवी. नितळ दिसली म्हणजे आंबणे संपले असे नव्हे. शॅम्पेनच्या बाटलीत मुद्दाम लिटरला २४ ग्रॅम साखर आंबवतात आणि त्यातून मोटारीच्या टायरच्या दुपटीहून अधिक दाब तयार होतो. म्हणून ती बाटली एवढ्या जाड काचेची असते. आपल्या वाइनमध्ये तर शंभर ग्रॅम शिल्लक आहेत! थकलेले यीस्ट उन्हाळ्याच्या उबेने जागे झाले तर साधी बाटली फुटून काच स्वयंपाकघरभर उडू शकते. बुचे सैल ठेवावीत, बाटल्या फ्रिजमध्ये उभ्या ठेवाव्यात आणि नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यात संपवाव्यात.

विषारी दारूची भीती पुष्कळांना वाटते. साखर आंबवून होणाऱ्या वाइनमध्ये मिथेनॉल अगदी नगण्य असते. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक बळी गेले, ते कारखान्यांत वापरले जाणारे मिथेनॉल दारूत मिसळल्यामुळे. मात्र आंबवलेले द्रव चुलीवर ठेवून त्याची वाफ धरण्याच्या फंदात कोणी पडू नये. तो गुन्हा आहे आणि पेटत्या चुलीजवळ मद्यार्काची वाफ म्हणजे आगीला आमंत्रण.

कायद्याचे बोलायचे तर मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही. गुजरात व बिहारमध्ये दारूबंदीच आहे. खुद्द केरळात २०१९च्या नाताळाआधी अबकारी खात्याने घरगुती वाइनबद्दल कारवाईचा इशारा दिला, तेव्हा किती अम्मच्चींनी बरण्या पलंगाखाली सरकवल्या असतील कोण जाणे! तेव्हा आपल्या राज्यात काय चालते, ते अबकारी कार्यालयात विचारूनच बरणी उतरवावी. आणि घरात मुले असतील तर ती त्यांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. वास द्राक्षाच्या सरबतासारखाच येतो.

चोवीस डिसेंबरच्या रात्री प्रार्थना आटोपून मंडळी परततात, केकचे तुकडे होतात, अम्मच्ची पहिला ग्लास दिव्यासमोर धरून पाहते. तळाशी थोडा गाळ दिसतोच. “सुनेने नळी जरा खाली घातली,” ती म्हणते आणि तो ग्लास स्वतःसाठी ठेवते.