एका दिवसाचे पाहुणे, बारा महिन्यांचं गाव

‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ 2011 मध्ये आला आणि ‘मित्रांबरोबर स्पेन’ हे आपल्यातल्या अनेकांचं स्वप्न होऊन बसलं. त्याच स्पेनमधल्या बार्सिलोनात 6 जुलै 2024 ला काय झालं, आठवतंय? मोर्चातल्या स्थानिकांनी रेस्टॉरंटबाहेर जेवत बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. ते व्हिडिओ आपण हसत फॉरवर्ड केले, पण राग खरा होता. फ्लॅट पर्यटकांना भाड्याने जातात आणि तिथल्याच तरुणांना शहरात घर परवडत नाही. म्हणून असे दहा हजारांवर परवाने नोव्हेंबर 2028 पर्यंत संपवायचं त्या शहराने ठरवलंय.

आता आपल्याजवळ या. नाशिकपासून सुमारे 30 किलोमीटरवर त्र्यंबकेश्वर. पावसाळ्यातला शनिवार उजाडला की ग्रुपचा प्लॅन ठरलेला: दर्शन, हरिहर किंवा पहिने, भरपूर फोटो आणि रात्री घरी. 2011 च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या होती जेमतेम 12 हजार!

इथला प्रश्न मात्र बार्सिलोनाच्या उलटा आहे. तिथे मुक्काम ठोकणारे जास्त झाले, इथे मुक्काम न करणारे. मुक्कामी पाहुणा खोली घेतो, दोन वेळा जेवतो, सकाळी चहा पितो. तुम्ही-आम्ही काय करतो? गाडी लावतो, बाटली टाकतो आणि जेवायला नाशिक गाठतो. गर्दी गावाच्या वाट्याला, खर्च मात्र दुसरीकडे.

त्यात पाणी. गोदावरी इथेच ब्रह्मगिरीवर उगम पावते, पाऊसही धो धो पडतो. पण कातळावरून तो वाहून जातो आणि उन्हाळ्यात तालुक्यातल्या अनेक पाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. आपण धबधबा बघून आलेलो असतो, त्यामुळे हे आपल्या गावीही नसतं.

म्हणूनच सिंहस्थाच्या तयारीकडे आपण लक्ष द्यायला हवं. 31 ऑक्टोबर 2026 ला ध्वजारोहण आहे, पहिलं अमृतस्नान 2 ऑगस्ट 2027 ला. रस्ते, घाट, पार्किंग हे सगळं त्या गर्दीसाठी लागणारच. पण कुंभ बारा वर्षांनी येतो आणि वीकेंड दर आठवड्याला. गावाबाहेर पार्किंग, तिथून बस, स्वच्छ टॉयलेट, कचऱ्याची व्यवस्था या गोष्टी कुंभानंतरही चालू राहिल्या, तरच गावाला त्याचा उपयोग. नाहीतर तंबू उठतील आणि ट्रॅफिक जाम तसाच राहील.

सरकारने काय करायचं ते करेलच. पण ग्रुपवर प्लॅन टाकताना थोडा बदल आपणही करू शकतो. शनिवारऐवजी मधला वार बघा. नाशिकहून एसटीने जा. एक रात्र गावात राहा, तिथेच जेवा. बाटली परत आणा. ट्रिप थोडी महाग पडेल, मान्य. पण ते पैसे ज्यांच्या दारात आपण गर्दी करतो, त्यांच्याच हातात पडतील.