सत्ताविसाव्या वर्षीचे गणित

गेल्या दसऱ्याला लालागुड्याहून सोने द्यायला आलेला आमचा भाचा नमस्कार करून तसाच उभा राहिला. म्हणाला, “मामा, मला इंजिनिअरिंगची पदवी घ्यायची आहे. पण गणित सारे विसरलो.” वय सत्तावीस. पदविका घेऊन नोकरीस लागल्यास आठ वर्षे झालेली, घरी वर्षाचे मूल. प्रवेश मिळाला तर तीन वर्षे पगार बंद. भाचेसून म्हणाली होती, “एकदाच काय तो प्रयत्न करा.”

पदविकाधारकांसाठी तेलंगणात ‘ईसेट’ नावाची परीक्षा असते. तीतून थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. २०० गुणांपैकी १०० स्वतःच्या शाखेचे, ५० गणिताचे, उरलेले भौतिक व रसायन या शास्त्रांचे. शाखेचे काम तो रोजच हाताळतो. खरी अडचण पुढची आहे. दुसऱ्या वर्षात बसणाऱ्यास पहिल्या वर्षाचे गणित वर्गात कोणी शिकवीत नाही. ते येते असेच गृहीत धरतात.

उत्साहाच्या भरात त्याने कलनशास्त्राचा जाडजूड ग्रंथ आणला आणि आठवड्यात मिटला. एका रविवारी आम्ही त्याची वही चाळली. कलन त्याला कळत होते. नडत होते ते आठवी-नववीचे बीजगणित. ‘क’चा वर्ग अधिक ‘ख’चा वर्ग यांचे वर्गमूळ त्याने बेधडक ‘क अधिक ख’ लिहिले होते. आम्ही म्हटले, “तीन आणि चार घालून पाहा.” नऊ अधिक सोळा पंचवीस, मूळ पाच, त्याच्या रीतीने सात. त्या सातकडे तो बराच वेळ पाहत राहिला.

तेव्हापासून क्रम उलटला. आधी अपूर्णांक, घातांक, अवयव, मग त्रिकोणमिती, कलन शेवटी. रोज पहाटे एक तास, आणि पुस्तकातले उत्तर झाकून. सोडवलेले उदाहरण वाचताना सगळेच सोपे वाटते, हा अनुभव आमचाही आहे.

नव्याने आरंभ करणे आपल्या मंडळींना तसे अपरिचित नाही. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. घरी ‘त्रिकोण’ म्हणणारे आमचे वडील तेथे ‘मुसल्लस’ म्हणत, आणि पुढे नोकरीत तेच सारे त्यांना इंग्रजीत शिकावे लागले.

परवा भाचा त्रिकोणमितीची वही घेऊन आला. तपासताना एकच चूक सापडली, चिन्हाची. सौ.ने चहा टाकला होता; तो न घेताच “घरी जाऊन पुन्हा करतो” म्हणून निघाला.