लाल क्रॉस ही डॉक्टरांची खूण नव्हे

चाकणच्या एका कारखान्यात प्रेसखाली बोट सापडलेला कामगार परवा आमच्याकडे आला. टाके घालून बाहेर आलो, तर त्याचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा बाकावर बसून मोबाइलवर गोळीबाराचा गेम खेळत होता. पडद्यावर एक पांढरी पेटी आणि तिच्यावर लाल क्रॉस. "हे काय रे?" मी विचारलं. "डॉक्टरांची खूण. ती घेतली की लाइफ भरते," तो म्हणाला.

त्याला काय दोष देणार? एमबीबीएस झाल्या झाल्या मीही हौसेनं हीच खूण स्कूटरवर रंगवून घेतली होती. पुढे लष्करी वैद्यकीय सेवेतल्या एका मित्रानं ती पाहिली आणि शांतपणे म्हणाला, "ही तुझी नाही. ही असली की आमच्यावर गोळी झाडायची नसते." दुसऱ्याच दिवशी मी ती खरवडून काढली.

लाल क्रॉसचा अर्थ 'इथे औषध मिळेल' असा नाही. 'इथे हल्ला करू नका' असा आहे. १८६४च्या जिनिव्हा करारात ही खूण ठरली, स्वित्झर्लंडच्या सन्मानार्थ त्या देशाच्या झेंड्याचे रंग उलटे करून. तिचा धर्माशी संबंध नाही. रेड क्रेसेंट आणि २००५ साली मान्य झालेला रेड क्रिस्टल यांनाही तोच दर्जा आहे. युद्धात लष्कराच्या वैद्यकीय तुकड्या, रुग्णालयं आणि रुग्णवाहिका या खुणेखाली काम करतात. त्यांच्याकडे दुसरं चिलखत नसतं. समोरच्या सैनिकानं ती क्षणात ओळखली आणि तिच्यावर विश्वास ठेवला, तरच जखमी वाचतो.

म्हणूनच भारतात १९६०च्या जिनिव्हा करार कायद्यानुसार केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ही खूण वापरता येत नाही. वापरल्यास पाचशे रुपयांपर्यंत दंड आणि ज्या वस्तूवर ती आहे ती जप्त होऊ शकते. तरीही पिंपरी ते चाकण रस्त्यावर नजर टाका. दवाखान्यांच्या पाट्या, औषधांची दुकानं, खासगी रुग्णवाहिका आणि 'नो पार्किंग'मध्ये उभ्या मोटारींच्या काचा, सगळीकडे ती दिसेल. गंमत म्हणजे कंत्राटी कामगारांसाठीच्या १९७१च्या केंद्रीय नियमांतही प्रथमोपचार पेटीवर पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल क्रॉस हवा, असं लिहिलं होतं. सरकारचा एक कागद मनाई करतो आणि दुसरा तेच मागतो!

गेम बनवणाऱ्यांना याची आठवण करून द्यावी लागली आहे. 'प्रिझन आर्किटेक्ट' या ब्रिटिश गेममधल्या रुग्णवाहिकेवर लाल क्रॉस होता. ब्रिटिश रेड क्रॉसनं हरकत घेतली आणि २०१७ साली निर्मात्यांनी तो हिरवा केला. तेव्हा अनेकांनी थट्टा केली की चार ठिपक्यांच्या चित्रानं कुणाचं काय बिघडतं? प्रश्न अगदीच चुकीचा नाही. गेम खेळून कुणी रुग्णवाहिकेवर बॉम्ब टाकत नाही, आणि जे टाकतात त्यांना खुणेचा अर्थ चांगला ठाऊक असतो. गेमपेक्षा त्यांचा गुन्हा कितीतरी मोठा आहे, हेही खरं.

पण मला चिंता वेगळी आहे. जी खूण दुकानावर, मोटारीवर आणि गेममधल्या बक्षिसाच्या पेटीवर सारखीच दिसते, तिचा धाक उरत नाही. आपल्या भागातली मुलं सैन्यात जातात. देहूरोड आणि खडकीची लष्करी ठाणी तर हाकेच्या अंतरावर. उद्या यातलाच एखादा मुलगा बंदूक घेऊन उभा असेल, तेव्हा लाल क्रॉस दिसताच त्याचं बोट थांबायला हवं. 'लाइफ भरते' एवढंच त्याला ठाऊक असेल, तर ते कसं थांबणार?

उपाय स्वस्त आहे. प्रथमोपचारासाठी हिरव्या चौकोनात पांढरा क्रॉस ही जगभर मान्य खूण आहे. कारखान्यांच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी पुढच्या रंगकामात पेट्या हिरव्या कराव्यात. सरकारनं नियमावल्यांतली विसंगती काढावी. आणि आम्ही डॉक्टरांनी आधी स्वतःच्या गाड्या पुसाव्यात. लोकांनी ही चूक आमच्याकडूनच उचलली आहे.

त्या मुलाला मी हे सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, "मग गेममध्ये त्या गाडीवर गोळी मारली तर पॉइंट कापायला पाहिजेत ना?" मला वाटतं, गेमवाल्यांनी त्याचं ऐकावं.