हरलेल्या शर्यतीचा हिशेब

गांधीबागेच्या उद्यानात सकाळच्या फेऱ्या आटोपल्या, की बाकावर खेळाचा विषय निघतोच. आपला खेळाडू मोठ्या स्पर्धेत मागे पडलेला असेल, तर निकाल दोन मिनिटांत लागतो. ‘दमच नाही राहिला त्याच्यात’, ‘प्रेशर झेपलं नाही’. बाकावरचे हे शेरे खेळाडूच्या कानावर जात नाहीत. पण शालेय स्पर्धेत किंवा परीक्षेत मागे पडलेल्या मुलाला घरी हीच वाक्ये ऐकावी लागतात, आणि ती खोल रुततात. जिंकायचे कसे, याचे क्लास गल्लोगल्ली आहेत. हरल्यावर विचार कसा करायचा, हे मात्र कोणी शिकवत नाही.

बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळेचे उदाहरण घ्या. त्याची शर्यत ३००० मीटर स्टीपलचेसची. त्यात २८ अडथळे ओलांडायचे आणि शिवाय ७ वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी घ्यायची. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. पुढच्याच वर्षी, १९ ऑगस्ट २०२३ रोजी, बुडापेस्टच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत तो प्राथमिक फेरीतच बाद झाला. प्रत्येक गटातून पहिले पाच जण अंतिम फेरीत जाणार होते. साबळे सातवा आला. वेळ ८ मिनिटे २२.२४ सेकंद.

त्यानंतर सहा आठवड्यांनी, १ ऑक्टोबरला, हांगझोच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक जिंकले. वेळ ८ मिनिटे १९.५० सेकंद. दोन्ही शर्यतींतला फरक पावणेतीन सेकंदांचा. एका शर्यतीला देशाने ‘अपयश’ म्हटले, दुसरीला ‘ऐतिहासिक’. शरीर तेच, तयारी जवळपास तीच. बदलले होते प्रतिस्पर्धी, शर्यतीचा वेग आणि पात्रतेचा नियम. त्याआधी टोकियो ऑलिम्पिकमध्ये तर ८ मिनिटे १८.१२ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करूनही त्याची अंतिम फेरी हुकली होती. क्रमांकावरून माणसाची किंमत ठरवणे किती फसवे असते, ते या आकड्यांतून कळते.

मेंदू मात्र असा ताळा मांडत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की एखादा अनुभव आठवताना त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट हे दोनच जास्त लक्षात राहतात. शेवटच्या फेरीत मागे पडलेल्या धावपटूला आधीच्या सहा फेऱ्या आठवतच नाहीत. मग ‘मी असा का?’ हा एकच प्रश्न रात्रंदिवस घोळत राहतो. असे एकाच दुःखाभोवती फिरत राहणे नैराश्याला आमंत्रण देते, हे सुसान नोलेन-होक्सेमा यांच्या संशोधनातून पुढे आले. विचार करणे आणि चघळत बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यावर चांगला धडा ओरिएंटिअरिंग या खेळाकडून घेता येतो. नकाशा आणि होकायंत्र घेऊन जंगलात ठरलेल्या खुणा क्रमाने शोधत धावायचे, असा हा खेळ. शर्यत संपली, की खेळाडू आपण गेलो तो मार्ग नकाशावर आखतात. प्रत्येक दोन खुणांमधला वेळ इतरांच्या वेळेशी ताडून पाहतात. चौथ्या खुणेकडे जाताना पायवाट चुकली, तिथे दोन मिनिटे गेली, असे नेमके उत्तर हाती येते. ‘मी वाईट धावलो’ या वाक्यातून पुढे काही करता येत नाही. ‘चौथ्या खुणेपाशी चुकलो’ यातून उद्याचा सराव ठरवता येतो.

हा नकाशा शर्यतीच्या रात्रीच उघडू नये. शरीर थकलेले, स्नायूंतला साखरेचा साठा संपलेला. तो नीट भरायला साधारण एक दिवस लागतो. आधी जेवण आणि झोप, हिशेब दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी.

हिशेबात शरीराचाही रकाना हवा. कामगिरी महिनोन् महिने घसरत असेल, तर ‘जिद्द कमी पडते’ म्हणण्याआधी हिमोग्लोबिन आणि शरीरातला लोहाचा साठा तपासावा. झोप किती होते, नुकताच ताप येऊन गेला का, सरावाच्या मानाने आहार पुरतो का, हेही पाहावे. धावणाऱ्या मुलीची पाळी थांबली असेल, तर ‘सरावामुळे होतं असं’ म्हणून सोडून देऊ नये. आहार कमी पडत असल्याची ती खूण असू शकते, आणि त्यातून हाडेही कमकुवत होतात. आपल्याकडे खेळाडूच्या बुटांवर हजारो रुपये खर्च होतात, रक्ततपासणी मात्र राहून जाते.

मनाचेही तसेच. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक, सरावाची ओढ हरवली असेल, तर समजूत काढत बसण्याऐवजी डॉक्टरांकडे जावे. जगण्याचा कंटाळा आल्याचे बोल निघाले, तर एक दिवसही थांबू नये. ‘टेली मानस’चा १४४१६ हा सरकारी मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.

साबळेची पुढची वाटचाल सर्वांसमोर आहे. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याने ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम केला, आणि ऑगस्टमध्ये ऑलिम्पिक स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला. तिथे तो अकरावा आला. बाकावरच्या मंडळींना त्यातही हारच दिसली असेल.

गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानात रात्री रोकड जुळली नाही, तर व्यापारी कोणती नोंद चुकली ते शोधतो. एका दिवसाच्या तुटीवरून धंदा आपल्याला जमत नाही, असा निष्कर्ष तो काढत नाही. हरून घरी आलेल्या मुलाला आपण एवढी तरी सवलत द्यायला हवी. आधी त्याला जेवू द्यावे, झोपू द्यावे. मग शेजारी बसून एवढेच विचारावे, ‘नेमकं कुठं चुकलं, दाखव बरं.’